गारव्याची चौकशी

डबा कशाने आंबला?

उन्हाने. दुसरं काय.

पण एवढ्याशा उत्तरावर भागवणाऱ्यांतले चौकशीसाहेब नव्हते. पाणीपुरवठा कार्यालयाच्या चौकशी खिडकीत बसून त्यांचे केस पांढरे झाले होते, म्हणून तर बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे चौकशीसाहेब म्हणत. रागावली की बायकोही म्हणे. खिडकीत त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं : "चौकशी करून सांगतो." हे वाक्य ते इतक्या अदबीने म्हणत, की समोरचा माणूस समाधानाने घरी जाई आणि घरचा नळ कोरडा पाहिल्यावरच त्याला उमगे, की आपल्याला काहीही सांगण्यात आलेलं नाही.

स्वतःच्या बाबतीतही तेच. छत्री घ्यायची ठरली, की पावसाळाभर छत्र्यांची चौकशी चाले आणि छत्री हिवाळ्यात घरी येई. हिवाळ्यात स्वस्त मिळते हे खरं. पण पावसाळाभर माणूस भिजतो हेही खरं.

तर त्या उन्हाळ्यात त्यांनी दुपारी डबा उघडला आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने आपली खुर्ची दोन हात पलीकडे सरकवली. बस. तेवढंच झालं. पण वास नाकाला लागतो, खुर्ची सरकल्याचा आवाज काळजाला लागतो.

कार्यालयात फ्रिज नाही का?

आहे. भांडाराच्या खोलीत, खोक्यात. फ्रिज मंजूर झाला, तेव्हा तो लावायच्या प्लगची मंजुरी मागायची राहून गेली. आता प्लग मागावा, तर फ्रिज इतके दिवस का लावला नाही याचा खुलासा आधी द्यावा लागणार; आणि ज्यांनी खुलासा द्यायचा ते निवृत्त होऊन गावी गेले. सध्या त्या खोक्यावर डबा ठेवून शिपाई जेवतो. त्याचाही आंबतो.

मग काय करावं म्हणता?

हे चौकशीसाहेबांनी तळमजल्यावरच्या खजिनदारांना विचारलं, आणि इथून पुढचं सगळं रामायण सुरू झालं.

खजिनदार म्हणजे बिल्डिंगच्या सोसायटीचे खजिनदार. वापरण्याजोगी वस्तू टाकून द्यायची नाही, हा त्यांच्या आयुष्याचा एकमेव सिद्धांत. त्याच सिद्धांतानुसार त्यांनी आपले डोळेही मरणोत्तर दान करून टाकले होते आणि ते कार्ड जिन्यातल्या फळ्यावर, थकबाकीदारांच्या नावांशेजारी, टाचणीने लावलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याने काहीतरी शिकावं म्हणून.

"आइस पॅक विकत?" खजिनदार म्हणाले. "पैसे वर आलेत का? पाण्याची बाटली गोठवा. भरा, गोठवा, डब्याशेजारी ठेवा. फुकटात काम."

चौकशीसाहेबांनी बाटली भरली. काठोकाठ भरली, कारण फुकटच्या गोष्टीत कसर कशाला? पाणी गोठलं की फुगतं, हे पाणीपुरवठ्यात जन्म घालवलेल्या माणसाला ठाऊक असायला हवं होतं. पण त्यांच्या खात्यात पाणी फुगण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. बाटली तडकली, दुपारी टेबलावर सुटली, आणि 'आमच्याकडे पाणी येत नाही' अशा आशयाचे सगळे अर्ज चिंब भिजले.

मग त्यांनी बाजारातला सगळ्यात स्वस्त निळ्या जेलचा पॅक घेतला. त्याची शिवण उसवली ती नेमकी भातावर. सहकारी म्हणाला, "वा, आज गोडधोड?" पॅकवर 'बिनविषारी' असं छापलेलं होतं. चौकशीसाहेबांनी निळी झालेली शितं बाजूला केली आणि उरलेला भात खाल्ला. बिनविषारी आणि खाण्याजोगं यांत फरक आहे, हे त्यांना संध्याकाळपर्यंत पाच-सहा वेळा उठून कळलं.

खजिनदारांनी नवी कृती सांगितली. "पाण्यात थोडं स्पिरिट घाला. कडक गोठत नाही, मऊ राहतं, पिशवी फुटत नाही." पिशवी फुटली नाही. नुसती पाझरली. खिडकीत उभी असलेली एक बाई नाक मुरडून मागच्यांना म्हणाली, "बघा! आम्हाला घोटभर पाणी नाही, आणि यांची इथे सकाळपासून सोय!" तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांचं पत्र आलं, 'कार्यालयीन वेळेत मद्यसदृश वास येत असल्याबाबत'. चौकशीसाहेबांनी रात्रभर मसुदा घोळवून उत्तर दिलं : 'सदर वास डब्याचा असून माझा नाही.' ते उत्तर कार्यालयात अजून वाचून दाखवतात.

राहता राहिल्या खजिनदारवहिनी. त्यांची नात तान्ही. "अहो भावजी, बाळाचा डायपर भिजवा आणि गोठवा," त्या म्हणाल्या. "त्यातली ती भुकटी पाणी सोडतच नाही. नवा कोरा देते, वापरलेला नाही हो!"

नव्या कोऱ्या गोठलेल्या डायपरवर डबा ठेवून चौकशीसाहेब जेवत असताना मोठे साहेब अनपेक्षितपणे आले. डबा पाहिला. डायपर पाहिला. स्पिरिटच्या पत्राच्या वेळी करडा असलेला त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "घरी सगळं ठीक आहे ना?" त्यांनी विचारलं. तेव्हापासून शिपाई म्हणू लागला, "तुम्ही उठू नका साहेब, मी देतो फाइल. तुम्ही अजिबात उठू नका."

डबा आंबत होता तेच बरं होतं, असं माणसाला वाटू लागतं ते अशा वेळी.

पण एवढा आटापिटा कशासाठी? बाहेर खावं की.

खाल्लं असतं. पण गारव्याची गरज आता एकट्या डब्याची राहिली नव्हती.

घरात सासूबाई होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत फूल पडलेलं. उजेड कळे, माणूस कळत नसे. बुबुळं बदलली तर दिसेल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि नेत्रपेढीच्या यादीत त्यांचं नाव घातलं होतं. कुणीतरी मरावं, त्याने डोळे द्यावेत आणि ते आपल्यापर्यंत पोहोचावेत, याची वाट पाहत एक सज्जन बाई दिवसभर खिडकीशी बसून असे. वाट कशाची पाहतोय हे मनात आलं, की स्वतःच कानाला हात लावी आणि पुन्हा वाट पाहू लागे.

त्यांनी जावयाकडे आजवर एकच गोष्ट मागितली होती. "जावईबापू, एकदा तळ्यावर न्या. दिसत नाही तर नाही, वारा तर लागेल. आणि गार कस्टर्ड खाऊ तिथे. मी सांगेन तसं हिने करावं."

बायको म्हणाली, "अहो, ऐकताय ना? दोन तासांचा रस्ता आहे. कस्टर्डचं दही व्हायला नको."

"चौकशी करतो," चौकशीसाहेब म्हणाले. ही गोष्ट त्याच्या आदल्या उन्हाळ्यातली.

वरच्या मजल्यावर कोण राहतं?

डोळेवाला.

त्याला नाव होतं, पण ते कुणी घेत नसे. तो नेत्रपेढीत कामाला होता. फोन आला की पेटी घेऊन मेलेल्या माणसाच्या घरी जायचं, डोळे काढायचे, पापण्या नीट मिटवायच्या, पेटीत गारव्यात ठेवून नेत्रपेढीत पोहोचवायचे. जिन्यात भेटला की तो साधेपणाने विचारी, "कशी आहे तब्येत?" आणि लोक "उत्तम! एकदम उत्तम!" म्हणत दोन-दोन पायऱ्या चढून वर जात.

एकट्या सासूबाई त्याच्या पावलांची वाट बघत. पाऊल ओळखून दारातूनच विचारत, "काही आलं का रे?" जसं दूधवाल्याला विचारावं.

"येईल, आजी. आलं की आधी तुम्हाला सांगेन."

मेच्या सुरुवातीला डोळेवाल्याचा फ्रिज बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट मागवलाय. डोळेवाला चार आइस पॅक छातीशी धरून दारात उभा राहिला. पांढरे, चपटे, कडक. प्रत्येकाला लाल दोरा. "ड्यूटीचे आहेत," तो म्हणाला. "पार्ट येईपर्यंत तुमच्या फ्रीजरमध्ये…"

चौकशीसाहेब काही बोलायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "ठेव की! माझ्याच कामाचे आहेत ते." आणि त्या दिवसापासून रोज सकाळी त्या चाचपडत स्वयंपाकघरात जात, फ्रीजर उघडत, गोठलेल्या बोटांनी मोजत. चार आहेत. दार लावत. हे त्यांचं काम झालं. घरात त्यांच्याकडे दुसरं काम नव्हतं.

एक घेतला तर कळेल का?

असा प्रश्न चौकशीसाहेबांनी कुणालाही विचारला नाही. ज्यांचं उत्तर माणसाला आधीच हवं तसं ठाऊक असतं, त्या प्रश्नांची चौकशी होत नसते.

त्यांनी एका पॅकचा लाल दोरा सोडला, खिशात घातला, पॅक डब्याच्या पिशवीत घातला. त्याच्या जागी तोच जुना डायपर नीट घडी करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवला. आणि दुपारी, किती दिवसांनी, काकडी कुरकुरीत लागली. दही गार लागलं. सहकाऱ्याने खुर्ची जवळ ओढून विचारलं, "कुठून घेतलात हो?" त्या क्षणी चौकशीसाहेबांच्या मानेचा ताठा असा होता, की मोठे साहेब त्या बाजूने गेले असते तर त्यांनाच उठून उभं राहावंसं वाटलं असतं.

"ओळखीत आहेत एक," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, "जावईबापू, एक जरा मऊ लागतोय."

"वरचा आहे ना, आई. गोठतोय अजून."

"हो का," सासूबाई म्हणाल्या.

रविवारी लोक मरतात का?

हे मात्र चौकशीसाहेबांनी विचारलं. आडून.

"रविवारी आराम असेल तुम्हाला?" जिन्यात डोळेवाल्याला त्यांनी विचारलं. जिन्यात आपण होऊन कुणीतरी आपल्याशी बोलतंय, याचंच डोळेवाल्याला इतकं अप्रूप वाटलं, की तो दोन पायऱ्या खाली उतरून आला.

"असं काही नाही हो. पण गेले तीन-चार रविवार शांत गेले खरे."

गेले तीन-चार रविवार शांत. चौकशीसाहेबांना एवढा पुरावा पुरला. पाइपलाइन कुठे फुटेल हे त्यांचं खातं याहून कमी पुराव्यावर ठरवतं. आणि काही लागलंच, तर संध्याकाळपर्यंत आपण परत येतोच की. शिवाय (हा मुद्दा त्यांनी स्वतःशीच, पण ठासून मांडला) हे सगळं कुणासाठी? ज्या बाईसाठी ते पॅक आहेत, तिच्याचसाठी ना?

रविवारी सकाळी चारही दोरे त्यांच्या खिशात होते आणि चारही पॅक कस्टर्डच्या भोवती.

तळ्यावर वारा होता का?

होता. भरपूर.

सासूबाई चटईवर पाय पसरून बसल्या. पाण्याचा वास घेतला, चेहरा वाऱ्याकडे केला. कस्टर्ड इतकं गार होतं, की पहिल्याच चमच्याला त्यांचे खांदे शहारले आणि त्या लहान मुलीसारख्या हसल्या. बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या नजरेने तिने त्यांच्याकडे याआधी कधी पाहिलं होतं, हे त्यांना आठवेना. अशा नजरेसाठी माणूस बरंच काही करतो. खिशातले दोरेही विसरतो.

"ते गारगार द्या बघू इकडे," सासूबाई म्हणाल्या. एक पॅक घेऊन त्यांनी डोळे मिटले आणि तो डोळ्यांवर ठेवला. बराच वेळ ठेवला.

"किती बरं वाटतंय. डोळेवाल्याचे नाहीत ना हे?"

"छे हो आई! आपले आहेत. नवे घेतले."

"कितीला पडले?"

"स्वस्तात मिळाले."

सासूबाईंनी पॅकच्या कडेवरून, जिथे दोरा बांधतात तिथल्या छोट्या भोकावरून, बोट फिरवलं. "चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात फोन वाजला. डोळेवाल्याचा.

कुठे आहात?

"हे काय, वाटेतच."

"तुमच्या दाराला कुलूप आहे. मी खालीच आहे, खजिनदारांकडे. सकाळी चहा घेता घेता गेले हो. जागच्या जागी."

"खजिनदार?"

"हो. वहिनींनी स्वतः फोन केला. डोळे घेतलेत मी. फक्त पॅक हवेत, पेटीत गारवा नाही. किल्ली कुणाकडे ठेवलीय?"

"किल्ली… आमच्याकडेच आहे. आलोच आम्ही."

"किती वेळ? नाहीतर मी शेजाऱ्यांकडून बर्फ गोळा करतो. लागेल तेवढा निघेल."

आता इथे चौकशीसाहेबांना फक्त खरं बोलायचं होतं. पॅक इथे आहेत, वितळलेत, तुम्ही बर्फ गोळा करा. एवढंच. खिडकीत लोकांना उत्तर न देण्यात उभा जन्म गेला. पण आज, सासूबाई शेजारी, बायकोच्या चेहऱ्यावर ती नजर, अशा वेळी पठ्ठ्याने चटकन उत्तर दिलं.

"नाही नाही, कशाला? थांबा तुम्ही. पोहोचलोच."

"नक्की ना? मग थांबतो. पेटीत पॅकच बरे, नुसत्या बर्फाचं पाणी होतं."

मग?

मग बस लवकर येईना. आली ती भरून आली. चौकशीसाहेबांनी थांब्यावरच्या आइसफ्रूटवाल्याकडून जेवढे रंगीत आइसफ्रूट होते तेवढे घेतले आणि पॅकच्या मध्ये कोंबले. पुढच्या थांब्यापर्यंत त्यांचं गुलाबी पाणी झालं आणि पिशवीतून पुढच्या सीटवरच्या माणसाच्या बुटात गेलं. त्यावरून भांडण झालं. भांडणात कंडक्टर पडला. बस थांबली. पुन्हा निघाली.

चौकशीसाहेब पिशवी मांडीवर घेऊन खाली मान घालून काहीतरी करत होते.

"काय बांधताय?" शेजारी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

लाल दोरा त्या भोकात जाईना. बोटं चिकट झाली होती. त्यांनी टोक तोंडात घालून ओलं केलं, तर ते गोड लागलं.

मग घर. जिन्याशी माणसं. डोळेवाला पायरीवर पेटी मांडीवर घेऊन बसलेला. चौकशीसाहेबांनी चार पॅक पुढे केले : मऊ, कोमट, गुलाबी, पण प्रत्येकाला दोरा व्यवस्थित बांधलेला. डोळेवाल्याने एक पॅक दाबून पाहिला. त्यात बोट रुतलं. त्याने चौकशीसाहेबांकडे पाहिलं नाही. उठला आणि दारोदार जाऊन बेल वाजवू लागला. त्या दुपारी बिल्डिंगमधल्या प्रत्येकाने पहिल्यांदाच त्याच्यासाठी दार उघडलं. कुणी बर्फाचा ट्रे दिला, कुणी गोठलेले मटार दिले. खजिनदारवहिनी आतून उठून आल्या, रडत रडत फ्रीजर उघडला आणि नवऱ्याने गोठवून ठेवलेली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. काठोकाठ भरलेली नव्हती. खजिनदार स्वतः थोडी जागा ठेवत. तेवढं सांगायचं मात्र ते विसरले होते.

कुणाला लागले?

कुणालाच नाही. पेटी फार वेळ गारव्याविना राहिली होती. नेत्रपेढीतून कळलं, रोपणाला योग्य नाहीत. शिकाऊ डॉक्टरांच्या सरावाला वापरू. वाया गेले असं अगदीच म्हणता येणार नाही.

डोळेवाल्याने हे जिन्यात, एका दमात सांगितलं. चौकशीसाहेब कठडा धरून उभे होते.

"यादीत… पुढचं नाव…" त्यांनी सुरुवात केली.

"विचारा," डोळेवाला म्हणाला. "तसा नियम नाही सांगायचा. पण तुम्ही विचारलंत, तर सांगेन."

ज्या माणसाने छत्रीसाठी पावसाळाभर चौकशी केली होती, त्याने ही एक चौकशी केली नाही. तो "ऊन फार आहे आज" असं काहीसं म्हणाला आणि वर निघून गेला. दोन-दोन पायऱ्या चढून.

खजिनदारवहिनींना कुणी काही सांगितलं नाही. त्या दुपारी वर येऊन सासूबाईंचा हात हातात घेऊन बसू लागल्या. "हे म्हणायचे, आजींना लागले माझे डोळे तर बरं होईल. घरातल्या घरात राहतील." सासूबाई त्यांच्या हातावर थोपटत. चौकशीसाहेब अशा वेळी चहा करायला आत जात आणि चहा होऊनही बाहेर येत नसत.

मेकॅनिककडे पार्ट आला. डोळेवाला चारही पॅक घेऊन गेला. त्याने ते धुतले होते. खाली येताना, वर जाताना तो अजूनही सासूबाईंशी थांबून बोले. फक्त चौकशीसाहेब भेटले तर तब्येत विचारत नसे.

कितीला पडलं?

पुढच्या महिन्यात चौकशीसाहेबांनी बाजारात जाऊन, कसलीही चौकशी न करता, दुकानातला सगळ्यात महाग आइस पॅक आणला. डब्यासाठी नव्हे. डबा ते आता नेत नसत, दुपारी टेबलाशी नुसते बसून राहत, आणि शिपाई म्हणे, "साहेब, खरंच उठू नका."

संध्याकाळी त्यांनी तो पॅक सासूबाईंच्या हातात दिला. "डोळ्यांवर ठेवायला, आई. तुम्हाला बरं वाटतं ना."

सासूबाईंनी पॅक चाचपला. कडा पाहिल्या. भोक शोधलं, याला भोक नव्हतं. डोळ्यांवर ठेवला आणि मान मागे टेकली. खालून डोळेवाल्याची पावलं वर आली, दाराशी जराशी थांबली. सासूबाईंनी आज काही विचारलं नाही. पावलं वर गेली.

"चांगला आहे," त्या म्हणाल्या. "पण तळ्यावरचे जास्त गार होते."

चौकशीसाहेब उभे होते.

"जावईबापू, ते कितीला पडले म्हणालात?"

पॅकखालून एक थेंब सासूबाईंच्या गालावर उतरला. तो वितळलेल्या गारव्याचा होता की कसला, हे उभ्याने कळत नव्हतं, आणि वाकून पाहायची चौकशीसाहेबांची छाती नव्हती.

"चौकशी करून सांगतो, आई," ते म्हणाले.